परकारभाई भट्टी बघतात

परकारभाईंच्या छातीत दुखलं, त्या सकाळी मी त्यांना माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून हॉस्पिटलकडे निघाले होते. शर्ट घामानं चिंब, चेहरा पांढराफटक, डोकं बायकोच्या, म्हणजे आमच्या भाभींच्या, मांडीवर. सिग्नलला मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. तेवढ्यात मागून क्षीण आवाज आला, "मॅडम, हे एकच झालं. अजून दोन हॉस्पिटलांचे रेट मागवा. तुलना होत नाय."

"परकारभाई, गप्प पडून राहा!" मी आरशातून डोळे वटारले.

भाभी रडत होत्या. पण रडता रडता म्हणाल्या, "मौत न्यायला आली तरी हा माणूस तिला सांगेल, अजून दोघींना बोलव, मग बघतो."

स्टेंट बसला, माणूस वाचला. वॉर्डात आणल्यावर डॉक्टरांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीचा नव्हता. स्टेंट बनवणाऱ्या कंपन्या एकूण किती, असा होता. डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, पेशंट गुंगीत आहे. पेशंट पूर्ण शुद्धीत होता, हे आम्हाला ठाऊक होतं.

परकारभाई आमच्या समोरच्या दारात राहायचे. राहायचे म्हणते, कारण आता ती इमारतच उरलेली नाही. बेलापूरची आमची जुनी बिनलिफ्टची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि जन्माचे शेजारी भाड्याच्या घरांतून पांगले. मी खारघरला आले, परकारभाई आणि भाभी तळोज्याला गेले. जाण्याआधी त्यांनी तिथली तीन घरं बघितली, हे सांगायला नकोच. माझी नवी जागा तशी चांगली आहे. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, सलाम ठोकणारा वॉचमन आहे. फक्त हातातलं काम टाकून, पायात चपलासुद्धा न घालता समोरच्या घरात जाता येत नाही. समोर कोण राहतं तेच मला अजून माहीत नाही. संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं की मला समोरचं ते उघडं दार आठवतं, आणि दारात उभे परकारभाई. पांढरा झब्बा, खिशाला पेन, आणि चेहऱ्यावर काहीतरी चौकशी.

ते सीबीडी बेलापूरमधल्या एका सरकारी कचेरीत खरेदी विभागात होते. सरकारी नियम असा, की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणचे दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मग ठरवायचं. बाकीचे कारकून हा नियम संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी येतात. परकारभाई तो घरी घेऊन आले. नोकरीभर त्यांच्या एकाही खरेदीवर ऑडिटचा आक्षेप आला नव्हता. दुसरे लोक मुलगा परदेशात असल्याचं सांगतात, त्या सुरात ते हे सांगायचे.

निवृत्तीनंतर त्यांच्या हातात खरेदीला उरलं ते घरचं सामान. कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा तीन भाजीवाले. रविवारी सकाळी जवळच्या दिवाळे गावात मासळी आणायला जायचे. पहिल्या कोळणीकडे पापलेट बघायचं, भाव विचारायचा, "बरं" म्हणून पुढं. मग दुसरी, मग तिसरी. मग एका बाजूला उभं राहून, डोळे अर्धे मिटून, मनातल्या मनात तक्ता. आणि परत पहिलीकडं यावं तर तिची पाटी रिकामी. ती हसून म्हणायची, "काका, तू इचारीत फिर. म्हावरं काय तुजी वाट बगत बसनार हाय?"

मग ते बोंबील घेऊन परत यायचे आणि जिन्यातच मला कळवायचे, "पापलेटचं टेंडर रद्द झालं, मॅडम."

"तिसरं कुठंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन डॉक्टरांचं मत सांगा, दोन प्लंबरची नावं सांगा, हळदीकुंकवाला आणलेल्या दोन साड्या दाखवा, परकारभाई मान तिरकी करून विचारणार, "दोन झाले. तिसरं कुठंय?" माझ्या धाकट्या बहिणीला जुळं झालं तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या दारात गेले, पण थोडी धास्तावूनच. त्या दिवशी त्यांनी संयम पाळला.

आता भाभींचं सांगते. जुलेखाभाभी म्हसळ्याकडच्या. बोलायला फटकळ, हाताला चव, आणि कामाला वाघीण. मिक्सर बंद पडला तर सुरीच्या टोकानं उघडून चालू करायच्या. गुडघे दुखायला लागले, जिना नकोसा झाला, तेव्हा पनवेलला दिलेल्या त्यांच्या मुलीनं, रुखसानानं, त्यांना वाशीच्या एका क्लासात घातलं. काचेचे मणी करायचा क्लास. महिन्याभरात कंटाळतील असं आम्हाला वाटलं होतं. पण भाभी मण्यांच्या पायी वेड्या झाल्या.

बाल्कनीत टेबलाला घट्ट बसवलेली गॅसची टॉर्च होती. तिच्या ज्योतीत काचेची रंगीत कांडी धरायची. काच काकवीसारखी मऊ झाली की मातीचा लेप दिलेल्या बारीक सळईवर ती गुंडाळायची आणि सळई फिरवत राहायचं. हात थांबला की मणी एका अंगाला ओघळतो. भाभी काळा चष्मा लावून बसल्या की तासन् तास उठायच्या नाहीत. एरवी घरभर ऐकू येणारं त्यांचं तोंड तेवढा वेळ बंद असायचं. परकारभाई आतल्या खोलीतून, हातात पेपर धरून, त्यांच्याकडे बघत बसायचे. मी त्यांना चिडवायचे, "भाई, पेपर उलटा धरलाय." ते खरंच सरळ करून बघायचे.

मणी करणं भाभींना लवकर जमलं. अडचण पुढची होती. तापलेली काच हवेवर एकदम गार झाली की ती आतून ताण धरते आणि फुटते. कधी लगेच फुटते, तर कधी चार दिवसांनी, गळ्यात असताना. तिला तापल्या भट्टीत ठेवून अगदी हळूहळू गार करावं लागतं. भाभींकडे भट्टी नव्हती. एक जुनी कढई होती, गॅसवर तापवलेल्या वाळूनं भरलेली. मणी त्या वाळूत खुपसायचे आणि अल्लावर भरवसा ठेवायचा. लहान मणी तगायचे. मोठे नेमके दगा द्यायचे. शांत दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून 'टिक्' असा बारीक आवाज यायचा आणि पाठोपाठ भाभींचं "या अल्ला!" माझ्या घरात ऐकू यायचं.

अशात त्यांच्या नातीचं, सनाचं, लग्न ठरलं. निकाह थंडीत. भाभींनी जाहीर केलं, सनाच्या लच्छ्यातले मधले मोठे मणी मी करणार. आपलं मंगळसूत्र तसा त्यांचा लच्छा. काळे मणी तेच, सोनं तेच, सासरच्यांच्या अपेक्षाही त्याच. नव्या नवरीच्या गळ्यात काळा मणी तडकला तर बायका काय काय बोलतील, हे मी सांगायला नको. म्हणजे भट्टी हवी होती, आणि थंडीच्या आत हवी होती. दुसऱ्या घरात एक फोन करून मागवली असती. या घरात खरेदी समिती नेमली गेली.

समितीचे अध्यक्ष परकारभाई. तांत्रिक सदस्य मी, कारण मी शाळेत विज्ञान शिकवत असे. खरं कारण माझ्याकडे गाडी होती. आणि जिला भट्टी वापरायची त्या बाईला समितीत घेतलंच नाही.

"मागणी करणारा विभाग समितीत बसत नाय, मॅडम. पक्षपात होतो."

भाभी आतून म्हणाल्या, "बसू नये बरोबर आहे. चहा तेवढा मागणी करणाऱ्या विभागानं करायचा."

हे सगळं हॉस्पिटलच्या प्रकरणाआधीचं. पहिल्यांदा आम्ही तुर्भ्याला गेलो, कारखान्यांच्या पट्ट्यात. भट्टी बघणं हा मुलगी बघण्यासारखाच कार्यक्रम असतो, हे मला तिथं कळलं. आधी पाणी, मग चहा, मग इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि मग मालकानं तिच्यावरचं फडकं हळूच काढलं. निळी, टुमदार, चौकोनी पेटी. दार पुढं, आत पांढऱ्या विटा, विटांच्या खाचेतून तारेची वेटोळी. मालक म्हणाला, "काका, मणी तर झालेच. हिच्यात मातीची भांडी भाजा, तांब्यावर मीनाकारी करा, काचेच्या ताटल्या वळवा. सगळं येतं हिला."

"सगळं येतं हिला" म्हणणाऱ्या मुलीच्या आया मी पुष्कळ बघितल्यात. मी भाईंकडे बघितलं. ते चहा संपवून एवढंच म्हणाले, "वीज किती खाते?"

मालकानं सांगितलं. परकारभाईंनी दुःखानं मान हलवली. म्हणजे पहिलं स्थळ खर्चिक निघालं. "हरकत नाय," ते गाडीत बसता बसता म्हणाले, "एक झालं."

त्यानंतरच त्यांच्या छातीत दुखलं. ते घरी आल्यावर मला वाटलं, भट्टीचा विषय आता संपला. भाभीही तेच म्हणाल्या, "राहू दे ती भट्टी. मी बाजारातले मणी आणते. माणूस आहे ना, बस." पण जिना चढायची परवानगी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस झब्बा घालून माझ्या दारात. "मॅडम, गाडी काढताय ना? समितीची बैठक तहकूब झालेली. रद्द नाय."

पण त्यांच्यात एक फरक पडला होता, आणि तो माझ्या लक्षात येऊनही कळला नव्हता. भाव विचारणं बंद झालं होतं. ज्या माणसानं हॉस्पिटलच्या वाटेवर दर मागितले, तो आता भट्टीच्या दराबद्दल अवाक्षर काढत नव्हता. त्याऐवजी भलत्याच अटी घालायला लागला होता.

घणसोली गावात, जुन्या घरांच्या दाटीत एका माडीवर, एक मुलगी मातीची भांडी करायची. तिला तिची भट्टी विकायची होती. या वेळी भाभी हट्टानं सोबत आल्या. बोळ इतका अरुंद, की मला गाडी पार मेन रोडला लावावी लागली. भट्टी मात्र छान होती. वरून झाकण, आणि मणी आत सरकवायला पुढं एक छोटी झडप. भाभींनी तिच्यावरून हात फिरवला आणि एकाच शब्दात निकाल दिला, "घ्या."

परकारभाईंनी उजवा हात पाठीमागं बांधला. मग एकट्या डाव्या हातानं झाकण उचलायला लागले. ते अर्धं उठलं आणि धप्पकन खाली बसलं.

"काका, दोन्ही हात लावा ना," मुलगी म्हणाली.

"एका हातात तापलेली सळई असते."

"मग तुम्ही उघडून द्या काकींना. झडप पण आहे."

"बंद करायला विसरलं तर?"

"फोनवर अलार्म लावायचा."

"फोनची बॅटरी संपली असली तर?"

"मग कुणीतरी आठवण करायची, काका!"

"फ्यूज कुठं आहे?"

"मागं."

"मागं वाकायला गुडघे पाहिजेत," परकारभाई म्हणाले आणि जिना उतरायला लागले. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलणार? मी तांत्रिक सदस्य होते.

परतीच्या वाटेवर भाभींचा स्फोट झाला. "सनाचं लग्न होईल, तिला पोरी होतील, त्या पोरींची लग्नं ठरतील, तेव्हा ह्यांचा तक्ता तयार होईल. झाकण जड म्हणे! एवढा मोठा नवरा घरात असताना मी कशाला उचलू झाकण?" परकारभाई खिडकीबाहेर बघत होते. कान लाल झाले होते.

मग ऑनलाइन मिळणारी परदेशी भट्टी निघाली. सगळं आपोआप, हात लावायला नको. मला वाटलं, सुटलो. परकारभाईंनी कंपनीला फोन लावला आणि विचारलं, दुरुस्तीचा माणूस राहतो कुठं? तो चेन्नईला राहत होता. "त्याला मराठी येतं?" पलीकडची मुलगी गोंधळली. "हिंदी तरी?" तिनं चौकशी करून कळवते म्हटलं. परकारभाईंनी फोन ठेवला. "बाद."

आता मात्र मी चिडले. "भाई, तुम्हाला हिंदी येतं, इंग्रजी येतं. तुम्ही बोला की त्याच्याशी! तीन झाल्या. तुर्भे, घणसोली, ही. तुमचाच नियम आहे ना? करा तक्ता आणि मोकळे व्हा. तिकडे भाभी रोज मणी फोडतायत."

ते नेहमी वाद घालायचे. त्या दिवशी घातला नाही. "तीनही बसत नाय, मॅडम," एवढंच म्हणाले. थंडी तोंडावर आली होती. भाभींच्या कढईतून टिक् टिक् चालूच होतं. मोठा काळा मणी एकही सलग निघत नव्हता आणि त्यांनी आता "या अल्ला" म्हणणंही सोडलं होतं. ते ऐकू येईनासं झालं, तेव्हा मला जास्त वाईट वाटायला लागलं.

रबाळ्याचा शिंदे मला माझ्या नणंदेच्या मिस्टरांनी सुचवला. मूळचा कराडकडचा, पत्र्याच्या शेडमध्ये ऑर्डरप्रमाणे छोट्या भट्ट्या बनवून द्यायचा. आम्ही गेलो तेव्हा भाभी गाडीतच बसल्या. म्हणाल्या, "मला नाही बघायची. पसंत पडली की तुटते." मी आणि परकारभाई आत गेलो. शिंदेनं दोन खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला आणि म्हणाला, "बोला काका, कशी पायजे?"

परकारभाई बोलायला लागले. हातात कागद नव्हता. सगळं पाठ होतं. दार पुढं पाहिजे, कुशीवर उघडणारं, एका हातानं, आणि जिथं सोडलं तिथं थांबणारं. बटणं तीनच, तीन रंगांच्या दिव्यांची. त्यांच्यावर अक्षरं मराठीत, मोठी, बिनचष्म्याची दिसणारी. काम झालं की भट्टी स्वतःहून बंद झाली पाहिजे. फ्यूज पुढं, उभ्यानं हात पोचेल असा. खाली चाकं. आणि शिंदेचा फोन नंबर भट्टीच्या अंगावर रंगानं लिहायचा. स्टिकर नको. स्टिकर निघून जातो.

शिंदे हसायला लागला. "आवो काका, भट्टी पायजे का पाळण्यातल्या पोराचं खेळणं? तुमच्यासारखा हुशार मानूस घरात हाय. तुमी शेजारी बसून चालवताल की. एवढं सोपं कशापायी?"

परकारभाईंनी वळून बाहेर बघितलं. गाडीची काच खाली होती. भाभी ओढणीच्या टोकानं वारा घेत होत्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी नसताना चालली पाहिजे."

"म्हंजे गावाला बिवाला गेल्यावर?"

"हां," परकारभाई म्हणाले. "गावाला गेल्यावर."

मी विज्ञान शिकवलं आयुष्यभर, आणि एवढं साधं मला तोवर सुचलं नव्हतं. घणसोलीला पाठीमागं बांधलेला तो हात, चेन्नईच्या माणसाचं मराठी, गुडघे, फ्यूज. हा माणूस भट्टी शोधत नव्हता. आपल्या माघारी बायकोच्या सोबतीला काय ठेवून जायचं, ते शोधत होता. चहा आला होता, तो मी उगाचच फुंकत बसले.

शिंदे माप घ्यायला आत गेला तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, तिला येत नाय असं नाय. बँक, लाइट, इलेक्ट्रिशियन, हे मीच कधी तिला करू दिलं नाय. वाटायचं, मी आहे ना. आता सगळं एकदम कसं शिकवणार?" मग थोडं थांबून, "ती मणी करायला बसली ना, की तिला कुणाची आठवण येत नाय. मी आत असतो, तरी माझी येत नाय. मी बघितलंय रोज. तेवढं चालू राहिलं पाहिजे."

मी बोलले असते तर रडले असते, आणि शिंदेच्या शेडमध्ये रडायला मला आवडलं नसतं.

ऑर्डर त्यांनी तिथल्या तिथं दिली. भाव पडताळायला दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. गाडीत येऊन बसले आणि भाभींना म्हणाले, "झाली." भाभींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

भट्टी आली तेव्हा सगळा मजला गोळा झाला. रंग हिरवा, अंगावर शिंदेचा नंबर टॅक्सीच्या दारावर असावा तसा ठळक. शिंदेनं भाभींना उभं करून सगळं एकदा दाखवलं, नारळ फोडू का म्हणून विचारलं, भाभींनी खुशाल फोड म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींनी दार उघडलं आणि एकेक मणी तळहातावर घेतला. काळेभोर, गोल, एकालाही तडा नव्हता. त्या माझ्या गळ्यात पडल्या. परकारभाईंनी एकेक मणी खिडकीशी नेऊन उजेडात तपासला आणि माल स्वीकारला. थंडीत सनाचा निकाह झाला. मी गेले होते. लच्छ्यातले ते मणी बघून सनाची सासू म्हणाली, कुठल्या सोनाराकडचे? भाभींनी उत्तर द्यायला जितका म्हणून वेळ लावता येईल तितका लावला.

इथं सगळं सुखानं संपायला हवं होतं. पण नवीनच तऱ्हा सुरू झाली. भाभींना ती भट्टी चालवता येईना.

मिक्सर सुरीनं उघडणारी बाई, पण तीन बटणांपुढं हात टेकले तिनं. दर दुपारी समोरून हाक यायची, "अहो! हे परत लाल झालं!" परकारभाई पेपर टाकून धावायचे. एकदा तर अंघोळ अर्धवट सोडून, कानात साबण घेऊन आले. रोज शिकवणी. हिरवं म्हणजे चालू, पिवळं म्हणजे थांब, लाल म्हणजे झालं. भाभी मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या दारात येऊन परकारभाई तक्रार करायचे, "मॅडम, एवढी सोपी करून घेतली. लहान पोराला येईल. हिला येत नाय. आता मला बसावंच लागतं शेजारी." तक्रारीचा सूर होता, पण चेहऱ्यावर तकाकी आली होती. गोळ्या वेळेवर घ्यायचे, कारण दुपारी भट्टी. संध्याकाळी चालायला जायचे, आणि पटकन परत यायचे, कारण भट्टी.

एका शुक्रवारी दुपारी मी अळूवड्या घेऊन समोर गेले. दार नेहमीसारखं उघडं. परकारभाई नमाजला गेलेले. बाल्कनीत भाभी टॉर्चसमोर बसल्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात त्या उठल्या. उजव्या हातातली सळई फिरती ठेवून डाव्या हातानं भट्टीचं दार उघडलं, मणी आत सरकवला, कोपरानं दार लावलं आणि न बघता, दुधाखालचा गॅस बारीक करावा तितक्या सहज, दोन बटणं दाबली. वाचायचा चष्मा टेबलावर पडला होता.

"भाभी!"

त्या दचकल्या. मग हसल्या. मग हसू आवरून त्यांनी टॉर्च बंद केली, काळा चष्मा काढला.

"तुम्हाला येतं हे?"

"शिंदेनं दाखवलं तेव्हाच आलं. एवढं सोपं करून घेतलंय ह्यांनी, न यायला काय झालं?"

"मग रोजची ती बोंबाबोंब?"

भाभींनी ओढणीनं हात पुसले. "सुनंदा, ही भट्टी अशी कशासाठी बनवली, ते मला कळत नाही असं वाटतं तुला? जन्म काढला मी ह्यांच्याबरोबर." त्यांचा आवाज जरा हलला, पण त्यांनी तो सावरला. "मला आलं म्हटलं की ह्यांना वाटेल, चला, हिचं सगळं मार्गी लागलं, काम झालं. आणि काम झालं की हे ऑफिसात एक मिनिट थांबायचे नाहीत. बॅग उचलून निघायचे. म्हणून मी काम होऊच देत नाही."

जिन्यात चपला वाजल्या. एकेक पायरी, मध्ये दम खात. भाभींनी पुढं होऊन भट्टीचा हिरवा दिवा बंद केला, चष्मा नाकावर चढवला आणि अशी हाक मारली, की माझाही विश्वास बसला असता. "अहो, बरं झालं आलात! बघा ना, काय झालंय हिला!"

"हात लावू नको! थांब, मी आलो!" परकारभाई टोपीसुद्धा न काढता आत आले. धाप लागली होती. भट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघितलंत मॅडम? इतके दिवस झाले शिकवतोय."

भाभी माझ्याकडे बघत होत्या.

"खरंच भाई," मी म्हटलं, "त्यांना नाही जमायचं ते. तुम्हीच बसा."

"बसतो की," परकारभाई म्हणाले. त्यांनी स्टूल पुढं ओढलं, भाभींना जवळ बोलावलं आणि पहिल्या बटणापासून सांगायला सुरुवात केली.